जिंकलेल्या पैशाचा हिशेब

जुगारात हरलेल्यांच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत. धर्मराजाने राज्य घालवले हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते, आणि प्रत्येक मोहल्ल्यात पत्त्यांपायी रिक्षा विकून बसलेला एखादा तरी असतोच. जिंकलेल्याची गोष्ट मात्र जिंकण्यापाशीच संपते. त्या पैशाचे पुढे त्याने काय केले, हे कुणी विचारीत नाही. मला नेमके तेच जाणून घ्यावेसे वाटले, म्हणून पोकर या पत्त्यांच्या खेळात नाव कमावलेल्या काही जणांची माहिती मी वाचून काढली.

अमेरिकेत लास वेगासला दरवर्षी पोकरची मोठी स्पर्धा भरते. मुख्य डावात बसायला दहा हजार डॉलर भरावे लागतात. २००३ साली टेनेसी राज्यातला एक हिशेबनीस इंटरनेटवरची छोटी स्पर्धा शंभर डॉलरच्या आत भरून जिंकला आणि त्या जोरावर तिथे पोहोचला. ८३९ खेळाडूंत तो पहिला आला आणि त्याला २५ लाख डॉलर मिळाले. त्याचे नाव ख्रिस मनीमेकर; आडनाव खरोखरच तसे आहे! ते पाहून जगभरची तरुण पोरे या खेळात उतरली. तीनच वर्षांनी, २००६ साली, त्याच स्पर्धेत ८,७७३ जण बसले. पण मनीमेकरने वेगासला जाण्याआधीच बक्षिसातला हिस्सा वडिलांना आणि एका मित्राला विकून खर्चाचे पैसे उभे केले होते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात राहिली. २००६ चा विजेता जेमी गोल्ड. त्याला १ कोटी २० लाख डॉलर मिळाले. त्यातले निम्मे आपले, असे म्हणत एक ओळखीचा माणूस कोर्टात गेला आणि शेवटी तडजोड झाली.

सगळ्यांत वाईट वाटते ते स्टू उंगरचे. हा माणूस ही स्पर्धा तीनदा जिंकला: १९८०, १९८१ आणि १९९७. पत्त्यांत त्याच्या तोडीचा खेळाडू झाला नाही, असे जाणकार सांगतात. पण पत्त्यांवर कमावलेले त्याने घोड्यांच्या शर्यतींवर, सामन्यांच्या पैजांवर आणि अमली पदार्थांवर उधळले. १९९७ साली तर प्रवेशाचे पैसेही दुसऱ्याने भरले होते. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातले निम्मे त्याला गेले. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेगासच्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मृत सापडला. वय ४५. अंत्यविधीचा खर्च ओळखीच्यांनी वर्गणी काढून केला.

सगळेच असे उधळे नसतात. बॅरी ग्रीनस्टीन नावाच्या खेळाडूने स्पर्धांतली बक्षिसे गरीब मुलांच्या संस्थांना दिली, म्हणून त्याला पोकरचा रॉबिनहूड म्हणतात. २०१२ साली वेगासला एक डाव असा झाला की प्रवेशालाच दहा लाख डॉलर. ४८ जण बसले. प्रत्येकाच्या पैशातले १,११,१११ डॉलर पिण्याच्या पाण्याचे काम करणाऱ्या संस्थेला गेले. तेहरानमध्ये जन्मलेला अँटोनियो एस्फंदियारी तो डाव जिंकला. त्याला १ कोटी ८३ लाख डॉलर मिळाले. तहानलेल्यांना पाणी मिळाले, मग यात वाईट काय, असे कुणी विचारील.

हा प्रश्न नवा नाही. इस्लामपूर्व अरबस्तानात ‘मैसिर’ नावाचा जुगार होता. उंट कापायचा आणि बाण काढून त्याचे हिस्से ठरवायचे. दहा बाणांपैकी सात हिश्श्याचे, तीन कोरे. कोरा बाण ज्याच्या वाट्याला येई त्याने उंटाची किंमत द्यायची. जिंकणारा ते मांस स्वतः खात नसे, गरिबांना वाटून टाकी. थंडीत, दुष्काळात त्यावर माणसे जगत आणि जिंकणाऱ्याचे नाव होई. म्हणजे दानधर्मच! तरीही कुरआनने तो मना केला. सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत त्याचे काही फायदे मान्य केले आहेत, पण गुनाह त्याहून मोठा ठरवला आहे. भाष्यकार म्हणतात, त्या फायद्यांत हे गरिबांचे अन्नही आले. फायदा मान्य करूनही मनाई का, हे मला पुस्तकातून जेवढे समजले नव्हते तेवढे एका पोराने समजावले.

ऑनलाइन पोकर आणि रमी जोरात होती तेव्हाची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी शाळेत भेटायला आला. मोबाइलच्या दुकानात कामाला होता. पाच हजारांचे पाकीट पुढे करून म्हणाला, दहावीच्या गरीब पोरांची बोर्डाची फी यातून भरा. पैसे कसले, असे मी विचारले.

“सर, चोरी के नै, जीते सो पैसे हैं.”

मी पाकिटाला हात लावला नाही. म्हटले, अगोदर मोबाइलमधले सहा महिन्यांचे व्यवहार काढ. तो एकेक आकडा सांगत गेला आणि मी वहीवर डावीकडे भरलेले, उजवीकडे जिंकून आलेले मांडत गेलो. उजवीकडे बेरीज आली ४६,०००. डावीकडे ६१,४००. तीन वेळा पैसे त्याच्या अम्मीच्या खात्यातून गेले होते. अम्मी विड्या वळते.

बराच वेळ तो वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “तो ये पाँच हजार किसके?” मी काही बोललो नाही. पाकीट उचलून तो निघून गेला. पुढे तो अम्मीकडे गेला की नाही, ते मला माहीत नाही. त्या पोरांची फी आम्ही शिक्षकांनी वाटून भरली.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चांगले झाले. पण जिंकलेला पैसा आपलाच, ही समजूत कायद्याने जात नाही. पोकरच्या नोंदींत खेळाडूच्या नावापुढे बक्षिसांची बेरीज लिहितात. बसण्यासाठी त्याने भरलेले पैसे त्यातून वजा केलेले नसतात. आणि खरोखर नफ्यात राहिलेल्याचा पैसा तरी कुठून येतो? मैसिरमध्ये वाहवा जिंकणाऱ्याची होई, उंट मात्र कोऱ्या बाणवाल्याचा असे. सदका कुणाला दिला हे आपण नेहमी पाहतो. तो कुणाच्या घरातून आला, हे त्याआधी पाहायला हवे.

‘मैसिर’ हा शब्द ‘युस्र’ वरून, म्हणजे सोपेपणावरून आला, असे सांगतात. सोपा पैसा. आमच्या सोलापुरात बाया दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. कारखान्यात खराब निघालेल्या विड्या बाजूला काढतात, आणि उरलेल्यांचीच मजुरी हातात पडते. त्यांच्या हिशेबात वजाबाकी अगोदर होते.