उसना गुण

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत आमच्या लहानपणी बॉक्सिंगची रिंग कुणी पाहिली नव्हती. जत्रेतला कुस्तीचा आखाडा आम्हाला ठाऊक होता; पण हातात उशीएवढे मोजे चढवून एकमेकांना ठोसे मारणारी माणसं आम्हाला भेटली ती फक्त छापील कागदावर. तरीही सत्तरच्या दशकात आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना अर्धा डझन हेवीवेट बॉक्सरांची नावं तोंडपाठ होती. त्याला कारण एकच माणूस, मोहम्मद अली. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी सॉनी लिस्टनला हरवून तो जगज्जेता झाला आणि काही दिवसांतच त्याने कॅशियस क्ले हे नाव टाकून दिलं. मुंबईचं उर्दू वर्तमानपत्र दुपारपर्यंत एसटीने यायचं. त्यात अलीचा फोटो असला की तो कुणी कापून ठेवायचा यावरून भांडणं व्हायची. हा आपला माणूस, एवढं आम्हाला पुरत होतं.

आम्ही म्हणजे शहापूरचे चुलतभाऊ आणि मुरबाडचे मामेभाऊ मिळून सहा-सात पोरं. मे महिन्यात शाळा सुटल्या की किन्हवली-सरळगावमार्गे आमची ये-जा सुरू व्हायची. दुपारी अंगण तापलेलं, मोठी माणसं आडवी झालेली. अशा वेळी ओसरीवर आमचा एक खेळ रंगायचा. नियम सोपे होते. एक बॉक्सर घ्यायचा आणि त्याला दुसऱ्या बॉक्सरचा एकच गुण उसना द्यायचा. दोन गुण मागायचे नाहीत. देणाऱ्याचं काही कमी होत नाही असं धरायचं. मात्र तो गुण का दिला, हे सगळ्यांना पटवून द्यायचं. न पटलं तर बाद.

कल्पना आमची वाटली तरी तिचं मूळ म्हसाच्या जत्रेत असावं. मुरबाड तालुक्यातल्या या गावी पौष पौर्णिमेला जत्रा भरते आणि तिथला बैलबाजार लांबलांबच्या शेतकऱ्यांना ओढून आणतो. आमचे मामू त्या बाजारात बैल बघत हिंडायचे तेव्हा त्यांच्या तोंडी हीच भाषा असायची. ‘खांदा याचा घ्यावा आणि पाय त्याचे.’ ‘हा दुदाती त्या जुळलेल्या बैलासारखा शांत असता तर!’ उपरण्याखाली बोटं दाबून सौदा व्हायचा आणि बैल घरी यायचा तो होता तसाच, आपल्या खांद्यासकट आणि आपल्या खोडीसकट. बैलाची खोड काढायला गेलं की थोडा जोरही निघून जातो, असं मामू म्हणायचे.

आमच्या खेळात सर्वांत जास्त मागणी होती ती जॉर्ज फोरमनच्या ठोशाला. अलीचे पाय आणि फोरमनचा ठोसा एकत्र आले, तर पृथ्वीवर कोण उभा राहील? यावर मामूंनी एकदा पडल्या पडल्या डोळे न उघडता विचारलं, ‘असा ठोसा असता तर तो नाचायला शिकला असता का?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. पण ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात जे झालं ते या प्रश्नाचंच उत्तर होतं. त्या दिवशी फोरमनच्या नावावर ४० लढती होत्या, सगळ्या जिंकलेल्या, त्यांतल्या ३७ समोरच्याला पाडून. बहुतेक लढती तर दोन-तीन फेऱ्यांतच आटोपलेल्या. ज्याला कधी लांबपर्यंत लढावंच लागलं नाही, त्याला दम राखून ठेवण्याची कला यावी कुठून? अली दोरांना टेकून राहिला, मार हातांवर घेत राहिला, आणि आठव्या फेरीत थकलेला फोरमन खाली गेला. त्याला हरवण्यात अलीइतकाच त्याच्या स्वतःच्या ठोशाचाही हात होता.

जो फ्रेझियरची गोष्ट याहून चटका लावणारी. त्याला आम्ही नेहमी अलीचे लांब, सरळ हात द्यायचो, कारण फ्रेझियर बुटका आणि त्याला समोरच्याच्या छातीशी भिडल्याशिवाय ठोसा मारता यायचा नाही. पुढे कधीतरी वाचनात आलं, की लहानपणी डुक्कर मागे लागलं असताना तो पडला, डावा हात मोडला, उपचार झाले नाहीत आणि तो हात पुन्हा कधी पूर्ण सरळ झालाच नाही. कोपरात वाकलेल्या त्याच हाताने ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पंधराव्या फेरीत अलीला जमिनीवर बसवलं. सरळ हात दिला असता तर तो डावा हुक राहिला असता का? आमच्या दानशूरपणाने फ्रेझियरचं भलं झालं नसतं.

पोरांचाच खेळ होता म्हणावं, तर मोठ्या माणसांनीही तो खेळला आणि त्यावर पैसे कमावले. युद्धावर जायला नकार दिल्यामुळे १९६७ पासून अलीला रिंगमध्ये उतरता येत नव्हतं. त्या काळात, १९६९ साली, त्याची आणि निवृत्त रॉकी मार्सियानोची एक लुटुपुटीची लढत चित्रित करण्यात आली. दोघांचे गुणदोष संगणकाला सांगायचे आणि निकाल त्याने द्यायचा. जानेवारी १९७० मध्ये ती अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत दाखवली गेली तेव्हा तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. पण तो निकाल पाहायला मार्सियानो हयात नव्हता. ऑगस्ट १९६९ मध्येच विमान अपघातात तो गेला होता. गुणांची बेरीज झाली, माणूस मात्र हिशेबातून निसटला.

मग गुण खरोखर कधी उसना घेता येतच नाही का? येतो, पण त्याची किंमत देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला मोजावी लागते. आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत वाढलेले पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर लढावं लागलं आणि ते सहावे आले. त्यांनी माती सोडली नाही, पण चार वर्षं घासून गादी आपलीशी केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. फोरमननेही तेच केलं. १९७७ साली रिंग सोडून तो दहा वर्षं धर्मोपदेश करत राहिला, परत आला तेव्हा पोट सुटलेलं होतं. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याने मायकेल मूररला दहाव्या फेरीत पाडलं. नऊ फेऱ्या तो मागेच होता. वाट बघत होता. पंचवीसाव्या वर्षी आम्ही त्याला जो गुण फुकट देत होतो, तो मिळवायला त्याला वीस वर्षं लागली.

एक गुण मात्र आमच्या ओसरीवर कुणी कधी मागितला नाही. तो मार्सियानोचा होता: थांबणं. ४९ लढती, ४९ विजय, आणि एप्रिल १९५६ मध्ये तो घरी गेला. अलीला हा गुण नव्हता. जानेवारी १९८० मध्ये तो दिल्लीत येऊन आपल्या कौर सिंगशी प्रदर्शनीय लढत खेळला तेव्हा आम्ही हरखून गेलो होतो. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लॅरी होम्सने त्याला दहा फेऱ्या मारलं. अखेर त्याच्या प्रशिक्षकाने लढत थांबवली. तरी १९८१ च्या डिसेंबरमध्ये तो पुन्हा उतरला आणि पुन्हा हरला. मार सोसण्याची त्याची ताकद किन्शासात आम्हाला दैवी वाटली होती. तीच ताकद त्याला रिंगमध्ये उभं ठेवत राहिली. १९८४ मध्ये त्याला कंपवाताने, पार्किन्सनने, गाठल्याचं जाहीर झालं. डोक्यावर खाल्लेल्या माराचा त्यात वाटा असावा, असं पुष्कळांचं मत.

आमच्या अब्बांनी तर आयुष्यात कुणाचा गुद्दा खाल्ला नव्हता. ते शहापुरात गवताच्या वखारीवर हिशेबनीस होते. भातकापणी झाली की माळावरचं गवत कापून यायचं, त्याच्या गाठी बांधल्या जायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांकडे ट्रक भरून जायचे. काट्यावर वजन झालं की अब्बा वहीत आकडा टाकत. त्यांचे आकडे टपोरे, एका रेषेत. १९९४ च्या सुमारास ते आकडे बारीक व्हायला लागले. पानाच्या डावीकडे ज्वारीच्या दाण्याएवढा आकडा, उजवीकडे पोचेपर्यंत खसखशीएवढा. आधी सगळ्यांना वाटलं, चष्मा बदलायला हवा. मग उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी सारखी एकमेकांवर फिरायला लागली, जशी तसबीहचे मणी ओढताना फिरतात. फक्त हातात तसबीह नसायची. कल्याणच्या डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते आम्हाला आधीपासून माहीत होतं. अलीमुळेच.

अब्बांनी हात लपवायला सुरुवात केली. सदऱ्याच्या खिशात घालायचे, शालीखाली घ्यायचे. कुणाच्या घरी चहा आला की ‘आत्ताच झाला’ म्हणायचे, कारण बशी वाजायची. शुक्रवारी मशिदीत मागच्या सफेत, खांबाच्या आडोशाला उभे राहायला लागले. आम्हा भावांत त्यावर कधी मोकळेपणाने बोलणं झालं नाही. आमच्या घरात पुरुषांच्या दुखण्याबद्दल बोलायची रीत नव्हती.

१९९६ च्या जुलैमध्ये अटलांटा ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. आपल्याकडे सकाळ होती, बाहेर लावणीचा पाऊस. टीव्हीवर मशाल शेवटच्या हातात गेली तो हात अलीचा होता. एका हाताने मशाल धरलेली, दुसरा हात थडथड उडतोय, चेहरा स्थिर. सगळं जग बघतंय आणि तो हात लपवत नाही. खोलीत आम्ही सगळे होतो. अब्बा खुर्चीत होते, हात शालीखाली. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही, म्हणजे पाहायचं टाळलं. बराच वेळाने ते एवढंच म्हणाले, ‘वजन जास्त दिसतंय मशालीचं.’ काट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचं बोलणं.

त्यानंतर ते एकदम बदलले, असं काही झालं नाही. खांबाचा आडोसा पुढेही काही महिने होताच. पण पावसाळा सरल्यावर एक दिवस त्यांनी आमच्या धाकट्या बहिणीला सोबत घेतलं, वखारीत नेऊन काट्याजवळ बसवलं, आणि मालकाला सांगितलं, ‘आकडा मी सांगेन, लिहील ही.’ शहापुरात वखारीवर मुलगी बसल्याचं त्याआधी आम्ही पाहिलं नव्हतं. मोहल्ल्यात दोन-चार लोक बोलले. अब्बांनी उत्तर दिलं नाही. पुढची चार वर्षं त्या वह्यांत बहिणीचं अक्षर आहे. अब्बा गेले तेव्हा अली हयात होता. तो गेला ३ जून २०१६ ला. त्या रात्री इशाच्या नमाजीनंतर आम्ही दोघांसाठी एकत्रच दुआ मागितली.

त्या बहिणीची मुलगी आता कॉलेजात आहे. ओसरीवरचा खेळ तिला माहीत आहे. आम्ही मामा लोक जमलो की अजूनही कुणीतरी तो काढतंच. मॅँचेस्टरच्या २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला बॉक्सिंगचं पहिलं सुवर्ण मिळवून देणाऱ्या कोलकात्याच्या मोहम्मद अली कमरचं नाव निघतं, कारण नाव उसनं घेऊनही ते ज्याने स्वतःचं केलं असा तो आहे. मागच्या ईदला आम्ही तिला विचारलं, निजामाबादच्या निखत झरीनला तू कुणाचा गुण देशील? निखत २०२२ आणि २०२३ अशी दोनदा जगज्जेती झाली, पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पदकाआधीच बाहेर पडली. आम्हाला वाटलं, पोरगी उंची मागेल, लांब हात मागेल.

ती म्हणाली, ‘तिला काही द्यायचं नाही मामू. तिच्याकडून घ्यायचं आहे.’ मग तिने आम्हाला २०१९ ची गोष्ट सांगितली. ऑलिंपिकच्या पात्रता फेरीसाठी मेरी कोमला चाचणीशिवाय पाठवायचं ठरत होतं. तेव्हा निखतने क्रीडामंत्र्यांना उघड पत्र लिहून फक्त एक लढत मागितली. लढत मिळाली आणि ती ९-१ अशी हरली. ‘हरली ते जाऊ दे,’ भाची म्हणाली, ‘तिने मागितलं. मला ते पाहिजे.’

तिला पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला, वसतिगृहात राहायचं आहे. आसनगावहून लोकलने रोज ये-जा करता येईल, असं तिच्या घरातल्या मोठ्यांचं म्हणणं. चार दिवसांपूर्वी तिने आम्हा सगळ्या मामांना आणि आपल्या वडिलांना एकच पत्र लिहिलं आहे. कागदावर, हाताने. येत्या रविवारी बसायचं ठरलं आहे. अक्षर टपोरं आहे, एका रेषेत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सारखंच.