मागच्या महिन्यात कोण आजारी होतं?

२०२१ चा जून. बेळगावात पाऊस नुकताच सुरू झाला होता. आमची आठ वर्षांची धाकटी तापानं फणफणली, पोट दुखतं म्हणून कळवळू लागली. या दिवसांत आमच्याकडे ताप म्हणजे टायफॉईड नाहीतर डेंग्यू. विडाल चाचणी किंचित पॉझिटिव्ह आली आणि आम्हाला हायसं वाटलं. आजाराला नाव मिळालं की भीती निम्मी होते ना! जुन्या संसर्गामुळे किंवा भलत्याच तापातही विडाल फसवी येते, हे पुढे कळलं.

चौथ्या दिवशी तिचे डोळे लाल झाले, पण चिपडं नव्हती. ओठ फुटले, अंगावर पुरळ उठलं. बालरोगतज्ज्ञांनी दवाखान्यात ठेवून घेतलं आणि विचारलं, "सर, मागच्या महिन्यात घरात कोणाला कोविड झाला होता?"

मी "नाही" म्हणालो. खरं तर मे महिन्यात मला ताप आला होता, वासही गेला होता. दारावर कागद चिकटेल, गल्लीत बोभाटा होईल म्हणून तपासणी टाळली होती. लपवायची सवयच जडली होती. शेवटी बायकोनंच सांगितलं, "यांचा वास गेला होता, दहा दिवस."

डॉक्टर रागावले नाहीत. मुलांना कोविड नकळत होऊन जातो आणि दोन ते सहा आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरून हृदय, आतडी, रक्तवाहिन्यांना सूज आणते, असं त्यांनी समजावलं. तोवर आरटीपीसीआर बहुधा निगेटिव्ह येते. अँटीबॉडी सापडतात, पण त्या उन्हाळ्यानंतर त्या कितीतरी मुलांत सापडल्या असत्या. प्लेटलेट तर डेंग्यूतही उतरतात. म्हणून एका रिपोर्टवर न विसंबता त्यांनी डेंग्यू, स्क्रब टायफस तपासले, रक्त कल्चरला लावलं आणि त्याचा निकाल येईपर्यंत अँटिबायोटिक चालू ठेवलं. सीआरपी खूप वाढलेलं होतं, लिम्फोसाइट कमी होते. टू-डी इकोत हृदयाचं आकुंचन थोडं मंदावलेलं दिसलं. १९६७ साली जपानच्या डॉ. कावासाकींनी वर्णन केलेल्या आजाराशी हे पुष्कळ जुळतं. पण तो बहुतेक पाच वर्षांखालच्या मुलांना होतो.

इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टेरॉइड सुरू झालं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तिनं दहीभात मागितला. पुढे काही आठवडे अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी आणि पुन्हा पुन्हा इको. आता हृदय ठीक आहे.

गल्लीत मात्र आम्ही टायफॉईडच सांगितला होता. खरं काय ते त्यांना हा लेख वाचूनच कळेल.