तीस टक्के

मे महिन्यात नागपुरात चेहऱ्याला ॲसिड लावणारा माणूस एक तर येडा असतो, नाहीतर इंजिनिअर. मी दुसरा. (निदान डिग्री तरी तसं म्हणते.)

झालं असं, की आईने कांदेपोह्यांचा कार्यक्रम ठरवला आणि माझ्या गालांवर कॉलेजपासूनच्या पिंपल्सचे डाग. हाताशी दहा दिवस. नेटवर ग्लायकोलिक ॲसिडच्या बाटल्या दिसल्या, दहा टक्क्यांची आणि तीस टक्क्यांची. तीस म्हणजे तिप्पट फायदा, असं साधं त्रैराशिक मांडलं आणि मागवली. तीन मिनिटं ठेवायचं ते सहा मिनिटं ठेवलं. चुरचुरलं, लाल झालं, धुऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा बाईकवरून धरमपेठ ते मिहान, हेल्मेटची काच वर! चौथ्या दिवशी उजव्या गालावर रुपयाएवढा काळा चट्टा. ऑफिसातला मित्र म्हणाला, "काय करून राहिला बे तोंडाले?"

आईचं वेगळंच. "संत्र्याची साल वाळवून लाव म्हणत होते, तर ऐकलं नाहीस." म्हटलं, आई, पील म्हणजे सालच!

शेवटी रामदासपेठेतल्या त्वचेच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इंजिनिअर ना तुम्ही? मग पीएच शिकला असाल."

पार लाज निघाली. बाटलीवरचा टक्का ही अर्धीच गोष्ट. त्वचेत मुख्यतः शिरतं ते मोकळं ॲसिड, आणि किती मोकळं ते पीएच ठरवतो. ग्लायकोलिकचा पीकेए ३.८३. म्हणजे त्या पीएचला निम्मं ॲसिड मोकळं, उरलेलं क्षाराच्या रूपात. पीएच दोनच्या खाली गेला की जवळजवळ सगळंच मोकळं. त्यामुळे तीस टक्क्यांच्या दोन बाटल्या सारख्या नसतात. शिवाय ग्लायकोलिक आपणहून थांबत नाही, ठरल्या सेकंदाला सोड्याच्या पाण्याने थांबवावं लागतं. मी तर मोबाईलवर मॅच बघत बसलो होतो.

मॅडम म्हणाल्या, पील म्हणजे मोजूनमापून केलेली जखम. वरचा थर गळतो, खालून नवा येतो. गोरं होण्याचा उपाय नव्हे (हे त्यांना रोज सांगावं लागतं म्हणे). फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार पाडले. नंतर वाढवलेल्या त्या यादीत आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात. अशा त्वचेला जखम झाली की रंगपेशी चवताळतात, वर ऊन मिळालं की बघायलाच नको. माझा चट्टा निम्मा ॲसिडचा, निम्मा वर्धा रोडचा.

मग कुठलं पील घ्यायचं? हा प्रश्नच मी उलटा विचारत होतो. आधी तक्रार काय ते बघायचं. ताजे पिंपल्स असतील तर सॅलिसिलिक, कारण ते तेलात विरघळतं आणि छिद्रांत उतरतं. सावळ्या त्वचेवर डाग असतील तर मँडेलिक बरं. त्याचा रेणू मोठा, हळू शिरतो. लॅक्टिकही सौम्य. टीसीए मात्र खोल जातं, त्याला घरी हात लावायचा नाही. अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०२४ मध्ये असली तीव्र पील्स डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वापरू नका असा इशारा दिला होता. आपल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेची यावरची नियमावली तर २००८ची आहे. मी ती चट्टा पडल्यावर वाचली.

आणि तयारी! आधी दोन ते चार आठवडे सनस्क्रीन आणि डॉक्टर देतील ते क्रीम. मग कानामागे छोटीशी टेस्ट. (टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर टाकलं म्हणून मी ज्युनिअर पोरांवर ओरडतो, ते आठवलं.) पुन्हा पुन्हा येणारं ओठावरचं जर आणि जखमेचे फुगीर वण आधीच सांगायचे. गोरेपणासाठी लावलेलं स्टेरॉइड क्रीमही लपवायचं नाही.

"माझं कधी करायचं?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर बघू. तोवर सनस्क्रीन, आणि हेल्मेटची काच खाली."

रविवारी चट्ट्यासकट मुलीकडे गेलो. आईने मला मुद्दाम डाव्या गालाने बसवलं, पण पोह्यांची बशी उजवीकडूनच आली.

"गालाला काय झालं?"

सांगून टाकलं.

"किती टक्के होतं?"

"तीस."

"मी वीसचं लावलं होतं," ती हळूच म्हणाली आणि केस बाजूला करून कपाळ दाखवलं.