विजय चौकातील पावले

शाळेच्या बँडला ‘नुसता गोंगाट’ म्हणण्यापूर्वी २९ जानेवारीची संध्याकाळ एकदा दिल्लीच्या विजय चौकात घालवावी. बीटिंग रिट्रीटसाठी सेनादलांची बँडपथके इथे संचलन करतात. आपण सूर ऐकतो. बँड शिकवणाऱ्यांनी मात्र पाय पाहावेत. मोठ्या ढोलाच्या ठोक्याला डावा पाय पडतो. पुढे चालणारा ड्रम मेजर हातातल्या दंडाने इशारे देतो. रांग सरळ राहते ती मान न वळवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याकडे लक्ष ठेवल्याने.

मुलांना हे आधी वाद्याविना शिकवावे. आमच्या शाळेत पहिल्याच दिवशी गळ्यात ढोल अडकवले. पाय चुकला म्हणून माझ्या मित्राला रांगेबाहेर काढले. त्याने पुन्हा ढोलाला हात लावला नाही. ‘सारे जहाँ से अच्छा’ वाजवत पथके परतली, दिवे उजळले, तेव्हा मला तोच आठवला.