बाबांचं बनियन आणि ४० मायक्रॉन

काळी गाडी घेऊ नकोस, असं मला तीन जणांनी बजावलं होतं. त्यातला एक तर स्वतः काळी गाडी चालवतो. पण आपण ऐकतो थोडंच? एज्युकेशन लोनचा शेवटचा हप्ता गेला आणि त्या खुशीत मी एक सेकंडहँड माझदा एमएक्स-५ उचलली. इथे नॉर्थ कॅरोलिनात सगळे तिला मियाटाच म्हणतात. दोन सीटं, कापडी टप, रंग जेट ब्लॅक मायका. फोटो पाठवल्यावर आईचा पहिला प्रश्न : "अरे, दोनच सीटं? मग आम्ही आलो की बाबांना डिकीत बसवणार का?"

काळ्या गाडीचं एक असतं. धुतल्यावर पहिली वीस मिनिटं जगात तिच्याइतकं सुंदर काही नसतं. एकविसाव्या मिनिटाला धूळ दिसायला लागते. आणि संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी चमकतं. हे स्वर्ल मार्क्स. गंमत म्हणजे त्या रेघा गोल नसतातच. सगळ्या दिशांना गेलेले बारीक ओरखडे असतात, पण प्रकाशाच्या ठिपक्याभोवती जे बरोबर आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून आपल्याला गोल जाळं दिसतं. पांढऱ्या गाडीवरही ते तितकेच असतात हो, पण तिथे मूळ रंगच एवढा प्रकाश परत फेकतो की ओरखडे त्यात हरवून जातात. काळा रंग जवळजवळ काहीच परत देत नाही. म्हणून प्रत्येक रेघ चुगली करते.

तर झालं असं, की आई-बाबा मार्चच्या शेवटी आले. नेमके परागकणांच्या दिवसांत! ज्यांनी इथला हा सीझन पाहिला नाही त्यांना सांगून पटणार नाही. आमच्या कॅरीत जिकडे बघावं तिकडे पाइनची झाडं, आणि साधारण दोन-तीन आठवडे त्यांचा पिवळा धुरळा गाड्या, बाल्कन्या, कुत्री, सगळ्यांवर बसतो. जेजुरीला भंडारा उधळल्यासारखा. बाबांनी पहिल्या दिवशी पार्किंगमध्ये हात जोडून "येळकोट येळकोट" केलं होतं.

मग चार-पाच दिवस मी सकाळी खाली यायचो तर शेजारच्या गाड्या पिवळ्याधमक आणि माझी काळी कुळकुळीत. मी इतका झोपेत असायचो की विचारच केला नाही. शनिवारी जरा लवकर उठलो आणि गॅलरीतून पाहिलं. बाबा खाली, एक जुनं बनियन हातात, आणि गाडी कोरडीच पुसतायत. मन लावून. जोर लावून. मधूनच बनियन झटकून.

मी गॅलरीतूनच ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. बाबा फक्त "बरं" म्हणाले आणि वर आले. बनियनची व्यवस्थित घडी घातली. पुढचे दोन दिवस ते सकाळी फिरायलासुद्धा खाली उतरले नाहीत.

आई म्हणाली, "चेतक होती तेव्हा रोज कामावर जायच्या आधी असेच पुसायचे ना. तुला ऑफिसला जाताना गाडी स्वच्छ मिळावी एवढंच." चेतक फिकट निळी होती. तिच्यावर ओरखडे असणारच, पण कोणाला कधी दिसले नाहीत.

रविवारी रात्री टॉर्च घेऊन खाली गेलो. इंजिनियर माणूस, रूट कॉज अॅनालिसिस करायला हवं. बॉनेटवर आणि दारांवर आडवेतिडवे ओरखडे होते, ते बाबांचे. पण त्याहून जास्त, आणि त्याहून खोल, अशा समांतर रेघा होत्या, पुढून मागे सरळ गेलेल्या. हात अशा रेघा काढत नाही. ब्रश काढतात. गाडी घेतल्यावर पहिले तीन महिने एका ऑटोमॅटिक कारवॉशचा अनलिमिटेड पास कोणी काढला होता? फिरते ब्रश आधीच्या पन्नास गाड्यांची वाळू माझ्या गाडीवर घासत होते आणि मी आत बसून फेसाचे व्हिडिओ काढत होतो. गिट ब्लेम मारलं तर निम्म्याहून जास्त ओळींवर माझंच नाव.

सोमवारी जेवताना विषय काढला. सॉरी म्हणायचं होतं, पण आमच्या घरात ते थेट म्हणायची पद्धत नाही. म्हणून टेक्निकल बोललो. म्हटलं, बाबा, गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट असतो, पारदर्शक. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ४०-५०. एक मायक्रॉन म्हणजे...

"मायक्रॉन मला शिकवतोस?" बाबा म्हणाले. बरोबर आहे. चिंचवडच्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. घास हातात तसाच धरून ते गप्प बसले. मग म्हणाले, "४० म्हणजे केसापेक्षा पातळ. अरे, स्लिप गेज आम्ही शॅमॉय लेदरने पुसायचो. आणि मी तुझी गाडी बनियनने पुसली."

आकडा आधी सांगितला असता तर ओरडावं लागलंच नसतं.

त्यानंतर आमच्या घरात एक क्वालिटी डिपार्टमेंट सुरू झालं. आमच्या अपार्टमेंटमध्ये गाडीवर पाइप मारायला बंदी आहे. म्हणून आधी नाणी टाकून चालणाऱ्या प्रेशर वॉशवर जाऊन नुसतं पाणी मारायचं, म्हणजे सुटी घाण स्पर्शाशिवाय निघून जाते. (खरा व्हिलन परागकण नाहीतच, त्यांच्याखाली बसलेली रस्त्यावरची धूळ. तिच्यात क्वार्ट्झ असतं, क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कडक.) मग घरी येऊन सावलीत रिन्सलेस वॉश : साडेसात लिटर पाण्यात फक्त ३० मिली लिक्विड. ते घाणीच्या कणाभोवती वंगणासारखं काम करतं. एका मायक्रोफायबरची घडी घातली की आठ बाजू मिळतात. एक बाजू, एक हात, जोर शून्य. वरून खाली. चाकांची फडकी वेगळी. बाबांनी त्यांच्यावर मार्करने 'चाक' लिहिलं. फडकी धुवायचं कामही त्यांनी घेतलं, आणि फॅब्रिक सॉफ्टनर घातलास तर याद राख, अशी तंबी आईला मिळाली.

मित्राकडून पॉलिशर आणि पेंट मोजायचा गेज आणला. बाबांनी प्रत्येक पॅनलवर नऊ ठिकाणी मोजून वहीत तक्ता केला. दारं १२० च्या आसपास, बॉनेट ९५. "हा आकडा सगळे थर मिळून ना? मग वरचा किती उरलाय कसं कळणार?" नाही कळत. बॉनेट आधीच्या मालकाने कधीतरी पॉलिश केलेलं असावं, आणि पॉलिश म्हणजे ओरखडा बुजवणं नव्हे, आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत खाली आणणं. दारं छान निघाली. बॉनेटवर आम्ही अगदी हलका हात फिरवला आणि थांबलो. त्यावर सिलंट चढवलं, तीन-चार महिन्यांनी पुन्हा लावायचं. पाणी आता मोत्यासारखं घरंगळतं. ब्रशच्या काही रेघा आणि बनियनच्या काही रेघा अजून तिथेच आहेत.

सप्टेंबरमध्ये दोघं परत गेले. जाताना बाबांनी चार मायक्रोफायबर बॅगेत टाकले. मागच्या रविवारी आईचा फोन आला, की सोसायटीत पहाटे एका बादलीत वीस गाड्या पुसणाऱ्या मुलाला बाबांनी अर्धा तास उभं करून मायक्रॉन समजावले. तो बिचारा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "काका, पण तुमची तर स्कूटर आहे ना?"