महीचा पूल आणि 'समशेरजंग'

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वडोदऱ्याहून आणंदला निघालो होतो. वासदजवळ महीचा पूल लागला आणि मागच्या सीटवरून लेकीने विचारलं, "बाबा, इथे खरंच मराठ्यांची लढाई झाली होती?"

झाली होती, 1775 साली. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर गादीसाठी धडपडणारे राघोबादादा त्या जानेवारीत वडोदऱ्याला आले. गोविंदराव गायकवाड तेव्हा आपल्याच भावाला, फत्तेसिंगरावांना, वेढा घालून बसले होते. पुण्यात घरातलं भांडण आणि आपल्या गावातही तेच! मागोमाग पुण्याहून हरिपंत फडके फौज घेऊन आले. फेब्रुवारीत या महीकाठच्या मैदानात राघोबांचा पराभव झाला. ते खंभातमार्गे भावनगरला गेले आणि तिथून समुद्रमार्गे सुरतेला इंग्रजांच्या आश्रयाला पोहोचले.

राघोबांना समुद्राने वाचवलं. पण त्याच भांडणात, त्याच सुमारास, दूर विजयदुर्गाजवळच्या समुद्रात पेशव्यांच्या आरमाराची इंग्रजांच्या 'रिव्हेंज' आणि 'बॉम्बे ग्रॅब' या दोन जहाजांशी गाठ पडली. पेशव्यांचं 46 तोफांचं 'समशेरजंग' त्यांच्या तावडीत सापडलं. सुमारे तीन तास तोफा चालल्या. शेवटी स्फोट होऊन जहाज फुटलं. सरदारासह बहुतेक माणसं गेली.

आमचं मूळ गाव देवगड तालुक्यातलं. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीसाठी वडोदऱ्यात आले. विजयदुर्गाच्या तटावर उभं राहून मी लहानपणापासून फोटो काढून घेतलेत. या जहाजाचं नाव मात्र गेल्या वर्षी पहिल्यांदा वाचलं.

"मग आपण कुणाच्या बाजूचे?" लेकीचा पुढचा प्रश्न.

वडोदऱ्याचे म्हणून गायकवाडांचे म्हणावं, तर कुठल्या गायकवाडांचे? गावाकडचे म्हणून आरमाराचे म्हणावं, तर ते आरमार इथल्याच भांडणापायी लढत होतं. राघोबा, गोविंदराव, फत्तेसिंगराव ही नावं मी तिला धडाधड सांगितली होती. 'समशेरजंग'वरच्या एकाही खलाशाचं नाव मला सांगता आलं नाही. त्यांच्यात आमच्या गावचं कुणी असेलही.

"त्यांच्या बाजूचे," मी म्हणालो.

तिने थोडा विचार केला आणि मान डोलावली. मे महिन्यात गावी जाऊ तेव्हा तटावर उभं राहून किल्ल्याकडे पाठ करायची आणि समुद्राकडे बघायचं, असं आमचं ठरलंय. तुम्हीही त्या बाजूला गेलात, तर नक्की बघा.