रुपेरी पडद्यावरील आप्त

जुन्या चित्रपटांवर जीव जडलेल्या माणसाकडे समाज बहुधा अनुकंपेने पाहतो. त्याचे तारुण्य त्या काळात गेले असावे, त्या काळाबरोबर त्याचे काही मोलाचे हरपले असावे, आणि हरपल्याची भरपाई तो अशा रीतीने करून घेत असावा, असा सर्वसाधारण तर्क असतो. माझ्या बाबतीत हा तर्क मुळातच लागू पडत नाही. कारण ज्या प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांवर मी आयुष्यभर प्रेम केले, तिचे दरवाजे माझ्या जन्मापूर्वीच बंद झाले होते. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात जी स्थापन केली, १९३३ मध्ये जी पुण्यास आली, आणि जिच्या वास्तूत १९६० पासून चित्रपटविद्येचे शिक्षण देणारी सरकारी संस्था नांदू लागली, त्या कंपनीच्या वैभवकाळाची एकही आठवण माझ्या पदरी नाही. तरीही तिच्या चित्रपटांतील माणसे मला कित्येक सख्ख्या नातलगांहून निकटची वाटतात. ती मला त्यांच्या कामातून भेटली, म्हणजे माणसाचे जे अंग सर्वांत खरे असते त्या अंगाने भेटली, हेच त्याचे कारण असावे असे मला दीर्घ विचारांती वाटू लागले आहे.

‘संत तुकाराम’ या १९३६ च्या चित्रपटाची कीर्ती सर्वश्रुत आहे. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला, व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि शांताराम आठवल्यांनी त्यासाठी रचलेला अभंग खुद्द तुकोबांचाच आहे अशी भल्याभल्यांची समजूत झाली, या गोष्टी चित्रपटाच्या इतिहासात नोंदलेल्या आहेत. विष्णुपंत पागनीस हे मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. त्यांच्या वागण्याबोलण्यातील मार्दव तुकोबांच्या भूमिकेला मानवेल की नाही अशी शंका आरंभी दामले-फत्तेलालांसही होती. पण त्याच मार्दवाने पुढे असा चमत्कार केला की पागनिसांची छायाचित्रे तुकोबांची म्हणून लोकांनी देवघरात लावली. हे सर्व मान्य करूनही, तो चित्रपट मी पुनःपुन्हा पाहतो तो जिजाईसाठी. जिजाईची भूमिका करणाऱ्या गौरी या कोणत्याही नाटक मंडळीच्या तालमीत घडलेल्या नव्हत्या. त्या प्रभातमध्येच किरकोळ कामे करीत आणि गर्दीच्या प्रसंगांत उभ्या राहत. दिग्दर्शकांच्या दृष्टीने त्यांना त्या गर्दीतून उचलले आणि तुकोबांसमोर उभे केले. पोर आजारी पडले असता त्याला ओढीत देवळात नेऊन, हातात वहाण घेऊन, प्रत्यक्ष पांडुरंगाला जाब विचारणारी ती बाई अभिनय करीत आहे असे क्षणभरही वाटत नाही. तिच्या आवाजात सूर नाही, चालण्यात डौल नाही, लुगडे सावरण्यात कोणतीही कला नाही. पण घरातले धान्य संपले की संतांच्या बायकोला काय वाटत असेल, याचा असा अस्सल दस्तऐवज आपल्या साहित्यातही मला सहसा आढळलेला नाही. तुकोबा वैकुंठास जातात; संसार मात्र जिजाईच्या अंगावर राहतो. ज्यांनी हा चित्रपट केवळ भक्तिपट म्हणून पाहिला त्यांनी त्याचा अर्धाच भाग पाहिला, असे माझे स्पष्ट मत आहे.

वारंवार पाहण्याचा मोठा लाभ हाच की नजर हळूहळू नायकावरून ढळते आणि जिथे जायला हवी तिथे जाते. पहिल्या वेळी आपण कथा पाहतो, दुसऱ्या वेळी नट पाहतो. त्यापुढे कधीतरी दाराची चौकट, चुलीचा धूर, पाणी भरणाऱ्या बाईचे मनगट आणि शब्द संपल्यावर चेहऱ्यावर उरलेला भाव दिसू लागतो.

‘कुंकू’ने (१९३७) मला ऐकायला शिकवले. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामबापूंनी केलेल्या या चित्रपटात पार्श्वसंगीताचा आधार घेतलेला नाही. जे ऐकू येते ते त्या घरातलेच आहे. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, दाराची कडी, आणि नीरा गाते तेव्हा तिच्या साथीला ग्रामोफोन. फसवणुकीने म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्या घरात पत्नी म्हणून राहण्यास साफ नकार देते. आणि तो नकार भाषणांतून जितका, तितकाच त्या घरातील निःशब्द अवधीतून आपल्या कानांवर आदळत राहतो. शांता आपट्यांच्या तेजाची वाखाणणी सर्वांनी केली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु त्या चित्रपटात माझे मन अडकून पडते ते केशवराव दात्यांच्या काकासाहेबांत. आरशासमोर पांढरे केस लपवू पाहणारा, घरात दरारा असूनही एका मुलीच्या नजरेला नजर न देऊ शकणारा, आणि आपण अन्याय केला आहे हे कळत गेल्यावर दिवसेंदिवस आतून खचत जाणारा हा वृद्ध दात्यांनी खलपुरुष होऊ दिला नाही. त्यांनी त्याची लाज दाखविली. रंगभूमीवर आयुष्य घालविलेल्या नटाने कॅमेऱ्याजवळ येताच आवाज इतका खाली आणावा, पापण्यांच्या हालचालीवर इतका भरवसा ठेवावा, हे त्या काळाचा विचार करता थक्क करणारे आहे.

त्याच चित्रपटात काकासाहेबांच्या मुलीच्या, म्हणजे नीरेच्या सावत्र मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत. रँग्लर परांजप्यांच्या या कन्या कुटुंबनियोजनाच्या कार्यास तेव्हापासूनच वाहिलेल्या होत्या, जेव्हा त्या विषयाचा उच्चारही असभ्य समजला जाई. पुढे त्या राज्यसभेच्या सभासदही झाल्या. पडद्यावर त्या नीरेला धीर देतात तेव्हा त्यांच्या स्वरातील निश्चय नटीचा नसून कार्यकर्तीचा आहे हे जाणत्यास तत्काळ ओळखू येते. त्यांच्याच कन्या सई परांजपे दिल्लीच्या दूरदर्शनवर निर्मात्या झाल्या.

या तारकांच्या आयुष्याचा मागोवा घेताना त्यांच्या तेजोवलयाइतकेच त्यांचे करारनामेही वाचावे लागतात. १९३९ मध्ये शांता आपट्यांनी कराराच्या तंट्यावरून प्रभातच्याच फाटकाशी उपोषण केले, आणि पुढल्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यातील मुलींची स्थिती निर्भीडपणे मांडली. हंसा वाडकरांनी १९७० च्या सुमारास ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनात जे सांगितले, ते तर मराठी गद्यातील अत्यंत धीट लेखनात गणले पाहिजे. चाहत्याने हे सर्व वाचावे, आणि वाचून त्याचे प्रेम कमी होऊ देऊ नये. उलट त्या हसऱ्या मुद्रेमागे कोणते श्रम, कोणता अपमान आणि कोणती वेठ उभी होती हे कळल्यावर ते प्रेम अधिक जबाबदार व्हावे. प्रभातच्या संस्थापकांवर माझी श्रद्धा आहे. तरी त्या फाटकाशी बसलेल्या नटीच्या बाजूने उभे राहण्यास मला त्या श्रद्धेची आडकाठी वाटत नाही.

माझ्या पिढीला हे वैभव पोहोचविले ते दूरचित्रवाणीने. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, सिंहगडावरील प्रक्षेपणामुळे ते पुण्यातही दिसू लागले, आणि ज्याच्या घरी संच असेल त्याच्या दिवाणखान्यात साऱ्या आळीने बसावे असा शिरस्ता पडला. कृष्णधवल चित्रपटांना कृष्णधवल पडदा मिळाला होता. त्यामुळे जुने आणि नवे यांतली सीमारेषा आम्हा मुलांना दिसतच नव्हती. चिं. वि. जोश्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने आमच्या घरी आले, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी ‘लग्न पहावे करून’ची (१९४०) आठवण काढीत आणि विष्णुपंत जोग व दामुअण्णा मालवणकर यांच्या बाजूने वाद घालीत. त्या वादात मी प्रभावळकरांचा पक्ष घेई, आणि आजही घेतो. पण त्या काळच्या दूरदर्शनने आम्हाला जे भरभरून दिले, त्यातले पुष्कळसे त्याने स्वतःजवळ ठेवले नाही. फिती महाग होत्या. एका कार्यक्रमावर दुसरा मुद्रित करण्याची वहिवाट होती. आणि अशा रीतीने नामवंतांच्या मुलाखती, नाटके, मैफली पुसून गेल्या.

चित्रपटाची अवस्थाही याहून सुरक्षित नव्हती. जुनी फिल्म नायट्रेटची. ती लवकर पेट घेते, आणि पेटली नाही तरी कालांतराने चिकट होऊन तिची भुकटी होते. शिवाय तिच्यात चांदी असे, आणि चित्रपटाचा बाजार उठला की रिळे चांदीसाठी वितळविली जात. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी आज पूर्ण-अपूर्ण मिळून तीसही हाती नाहीत. १९३१ चा ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट संपूर्णपणे नष्ट झाला आहे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारखा ध्यासवेडा माणूस त्याला लाभला म्हणून निदान काही वाचले. मूळचे केरळचे नायर महाराष्ट्रात येऊन फाळके कुटुंबीयांच्या दारी गेले, आणि तिथून त्यांनी जी रिळे मिळविली त्यांचे ऋण मराठी समाजाने पुरतेपणी फेडलेले नाही. ‘कालियामर्दन’च्या (१९१९) प्रारंभी फाळक्यांची लेक मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव दाखविते आणि मग कृष्ण होते, ते आपण पाहू शकतो हे असल्याच खटपटींचे फळ आहे. आणि इतके करूनही जानेवारी २००३ मध्ये पूर्वीच्या प्रभातच्याच आवारात, नायट्रेटच्या कोठारास आग लागून कित्येक रिळांची राख झाली. त्या रिळांत प्रभातच्याही मूळ प्रती होत्या. ज्या जागी ती निर्माण झाली त्याच जागी ती जळाली, ही बातमी वाचली त्या दिवशी घरात मृत्यू झाल्यासारखा मी बसून राहिलो होतो. आणि ही अतिशयोक्ती आहे असे ज्यांना वाटेल त्यांच्याशी मला वाद घालावयाचा नाही.

राहता राहिला ‘धर्मात्मा’. १९३५ च्या या चित्रपटात बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केली. अस्पृश्यांच्या पंक्तीला बसणाऱ्या संताची ही कथा. तिचे मूळ नाव ‘महात्मा’, पण त्या नावात परीक्षण मंडळाला गांधीजी दिसले आणि ते बदलावे लागले. गंधर्व आणि प्रभात यांचा संयोग त्या एका चित्रपटावरच थांबला आणि ते रंगभूमीकडे परतले. ज्यांनी त्यांना सिंधू किंवा भामिनी म्हणून पाहिले होते ते वृद्ध रसिक मला बजावून सांगत की त्या चित्रपटात गंधर्व नाहीत. पुरुषवेशात ते अवघडलेले आहेत, आणि खरे गंधर्व पाहावयाचे भाग्य तुमच्या पिढीस नाही. त्यांचे म्हणणे त्यांच्या दृष्टीने रास्तच होते, कारण त्यांच्याजवळ तुलनेस स्मरण होते. माझ्याजवळ ते नाही. मला ठाऊक असलेले गंधर्व ध्वनिमुद्रिकांतले आणि या चित्रपटातले. सत्तेचाळिशीला पोहोचलेले, नव्या यंत्रासमोर किंचित बावरलेले, पण ओवी उचलताच आपल्या घरी आलेले. तो बावरलेपणाही मला हवा आहे. ‘धर्मात्मा’ पुण्यात जेव्हा केव्हा मोठ्या पडद्यावर दाखविला जाईल, तेव्हा मी माझ्या भाच्यांना बरोबर घेऊन जाणार आहे, आणि गंधर्व अवघडलेले दिसतात की नाही हे त्यांनी त्यांच्या डोळ्यांनी ठरवावे, अशी माझी इच्छा आहे.